आतला ओळंबा ढळतो तेव्हा

पक्षाघातानंतरच्या तोलाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. हाताची पकड कधी येईल, बोलणे कधी सुधारेल, हे प्रश्न पहिल्या आठवड्यातच विचारले जातात. रुग्ण सरळ का बसत नाही, हा प्रश्न मात्र घरच्यांना रोज पडत असूनही बराच उशिरा पुढे येतो, कारण तो अशक्तपणाचाच भाग असावा असे सगळे धरून चालतात. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात व डावा पाय लुळा पडला. त्यांना पलंगाच्या कडेला बसवले की ते चांगल्या उजव्या हाताने गादीला रेटा देतात आणि स्वतःला डावीकडे ढकलत नेतात. आम्ही दोघे मिळून त्यांना सरळ करू लागलो की घाबरतात, अंग ताठ करतात, "मला पाडू नका" म्हणून ओरडतात. पूर्ण कललेले असतानाही "मी सरळच बसलोय" असे सांगतात. एरवी त्यांना सगळे समजते, आठवते, ते माणसे ओळखतात. घरातल्या काही जणांना हा हट्ट वाटतो. आम्ही काय समजावे आणि काय करावे?

उत्तर : हा हट्ट नाही, हे आधी घरातल्या सर्वांना सांगावे, पुढचे उपचार बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहेत.

एक बाजू लुळी पडलेला रुग्ण सहसा कलू लागला की आपण पडत आहोत हे त्याला कळते. तो चांगल्या हाताने पलंगाची कड घट्ट धरतो, स्वतःला चांगल्या बाजूकडे ओढून घेतो, हाक मारतो. आपल्या वडिलांचे नेमके उलटे चालले आहे. ज्या हाताने आणि ज्या पायाने सावरायचे, तेच ते स्वतःला लुळ्या बाजूकडे ढकलण्यासाठी वापरत आहेत. या अवस्थेचे नेटके वर्णन पॅट्रिशिया डेव्हिस या फिजिओथेरपिस्टने १९८५ मध्ये केले आणि 'पुशर सिंड्रोम', म्हणजे 'ढकलणाऱ्याचा विकार', हे नाव रूढ झाले. मला स्वतःला हे नाव फारसे रुचत नाही, कारण रुग्ण मुद्दाम काही करत असल्याची छटा त्यात येते. 'लॅटरोपल्शन', म्हणजे एका बाजूला झोक जाणे, हा शब्द त्या मानाने बरा आहे.

आता थोडे मुळाकडे जाऊ. डोळे मिटले तरी आपण सरळ बसलो आहोत की कललो आहोत हे आपल्याला कळते. अंतर्कर्णात दोन चिमुकल्या पिशव्या असतात आणि त्यांतील पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. डोके कलले की ते कण किंचित सरकतात आणि खालची दिशा कोणती, ही खबर मेंदूला पोचते. दुसरी खबर बैठकीवरच्या व तळपायांवरच्या दाबातून, सांध्यांतून आणि धडाच्या स्नायूंतून येते. तिसरी डोळ्यांतून येते : भिंतींच्या कडा, खांब, दाराच्या चौकटी. या तिन्ही खबरा जुळवून मेंदू स्वतःपुरता एक ओळंबा ठरवतो. गवंड्याचा ओळंबा दोरीला वजन बांधले की आपोआप सरळ लटकतो. मेंदूतला ओळंबा मात्र क्षणोक्षणी हिशेब करून मांडावा लागतो, आणि हिशेब करणारी जागाच दुखावली तर हातापायांत कितीही बळ असले तरी उत्तर चुकते.

जर्मनीतील हान्स-ओटो कार्नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे प्रयोगाने दाखवले. अशा रुग्णांना बाजूला कलवता येणाऱ्या खुर्चीत बसवले, त्यांच्या डोळ्यांपुढे काही दिसू दिले नाही आणि सरळ झाल्यासारखे वाटेल तेव्हा सांगा, असे म्हटले. मेंदूच्या ज्या बाजूला इजा होती त्या बाजूकडे खुर्ची सुमारे १८ अंश कललेली असताना रुग्णांना आपण सरळ आहोत असे वाटले. याच रुग्णांना समोरची प्रकाशरेषा उभी लावायला सांगितल्यावर ती त्यांनी जवळपास अचूक लावली. म्हणजे जग सरळ दिसत होते. चूक स्वतःच्या शरीराच्या जाणिवेत होती. त्यांच्यातील इजा प्रामुख्याने थॅलॅमसच्या, म्हणजे शरीराकडून आलेल्या खबरा पुढे पोचवणाऱ्या मेंदूतील खोल केंद्राच्या, मागच्या भागात आढळली.

चाणाक्ष वाचकाला इथे एक कोडे पडेल. उजव्या मेंदूला इजा झालेल्या माणसाला उजवीकडे कलल्यावर सरळ वाटत असेल, तर त्याने उजवीकडे जायला हवे. तो डावीकडे का ढकलतो? कार्नाथ यांचे म्हणणे असे की डोळे एक सांगतात आणि शरीर दुसरे सांगते, या विसंगतीला तोंड देण्याच्या धडपडीतून ढकलणे निर्माण होते. फ्रान्समधील डॉमिनिक पेरेनू यांच्या गटाने २००८ मध्ये वेगळ्या उपकरणाने मोजमाप केले आणि त्यांना शरीराचा ओळंबा इजेच्या विरुद्ध, म्हणजे लुळ्या बाजूकडे कललेला आढळला. त्यांच्या मते रुग्ण फक्त आपल्या कललेल्या ओळंब्याशी शरीर जुळवून घेत असतो. रुग्णाच्या वागण्याशी हे दुसरे स्पष्टीकरण अधिक सहज जुळते असे मला वाटते, पण दोन्ही मोजमापे काळजीपूर्वक केलेली आहेत. घरच्यांसाठी दोहोंतून निघणारी गोष्ट एकच आहे : आपण वडिलांना 'सरळ' करता तेव्हा त्यांना आपण कडेवरून खाली लोटले जात आहोत असे खरोखर जाणवते. त्यांच्या जागी कोणीही ओरडेल.

म्हणून पहिला नियम, त्यांना उजवीकडे रेटू नये. बाहेरून जितका जोर लावाल तितक्या जोराने ते उलट ढकलतील. पडू नयेत यासाठी एकाने डाव्या बाजूला जवळ बसावे, हात तयार ठेवावा, पण भार लावू नये. डावा हात धरून ओढणे तर पूर्ण टाळावे. लुळ्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात आणि सांधा खाली सरकून दीर्घकाळ दुखणे मागे लागते.

शरीराची खबर बिघडलेली असली तरी डोळ्यांची वाट बऱ्याचदा शाबूत असते, त्यामुळे शिकवणे त्या वाटेने करावे. बसवल्यावर समोर दाराची चौकट किंवा खांब दिसेल अशी जागा निवडावी आणि शांतपणे विचारावे, "चौकट सरळ आहे का? आता तुमचे खांदे तिच्याशी जुळतात का?" काहींना समोरच्या आरशात स्वतःला पाहून, आरशावर चिकटवलेल्या उभ्या पट्टीशी तुलना करून लवकर उमगते; काही मात्र आरशाने गोंधळतात, तेव्हा तो बाजूला ठेवावा. 'मला सरळ वाटते आहे, पण मी सरळ नाही' हे रुग्णाला स्वतः पटणे हा सगळ्यात अवघड टप्पा असतो. ते पटले की पुढच्या हालचाली त्याने स्वतः करायच्या असतात. उजव्या बाजूला भिंत येईल असे बसवून "उजवा खांदा भिंतीला टेकवा" असे सांगावे, किंवा उजवीकडे थोडे पुढे ठेवलेली वस्तू घ्यायला लावावी. ओढून नेल्यावर घाबरणारा रुग्ण काही घेण्यासाठी आपणहून त्याच बाजूला जातो, हे अनेक घरांत आश्चर्याने पाहिले जाते. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील इतक्याच उंचीवर बसवावे. उजवा हात तळवा वर करून मांडीवर ठेवायला सांगावा, म्हणजे रेटा द्यायला आधार उरत नाही. या सगळ्यासाठी सुरुवातीला फिजिओथेरपिस्ट समोर हवा, हे वेगळे सांगायला नको.

उजव्या मेंदूच्या इजेत अनेकदा डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होते : ताटातला डावा अर्धा भाग तसाच राहतो, डावीकडून बोलणाऱ्याकडे मान वळत नाही. ही वेगळी तक्रार आहे, पण ती जोडीला असते तेव्हा तोल सुधारायला जास्त वेळ लागतो. वडिलांमध्ये असे काही दिसते का, ते पाहून डॉक्टरांना जरूर सांगावे.

धीर देणारी गोष्टही आहे. कोपनहेगनमध्ये झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२७ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी सुमारे १० टक्के असे ढकलणारे होते. त्यांना इतरांइतकी प्रगती गाठायला सरासरी ३.६ आठवडे जास्त लागले, पण ढकलण्याच्या या सवयीमुळे अंतिम सुधारणा अडली नाही. बहुतेकांमध्ये सहा महिन्यांपर्यंत हे ढकलणे जवळजवळ नाहीसे होते. तीन आठवड्यांवर निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

प्रश्न : मला पक्षाघात होऊन आठ महिने झाले. हातापायांत बळ परत आले आहे, दिवसा मी आधाराशिवाय चालतो. तरीही रात्री दिवा नसला की झोकांड्या जातात, तोंड धुताना डोळे मिटले की पुढे पडतो की काय असे वाटते, आणि गर्दीतून चालताना सगळेच हलते आहे असा भास होतो. बळ आले, मग तोल का आला नाही?

उत्तर : बळ आणि तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र परत येतील असे नसते. आपले पत्र वाचून वाटते की पायांची व अंतर्कर्णाची खबर जुळवण्याचे काम मेंदूत अजून अपुरे होत आहे आणि ती उणीव आपण डोळ्यांनी भरून काढत आहात. दिवसा घरात हे छान जमते. अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तो आधार निघून जातो. गर्दीत तो उलट फसवतो, कारण आजूबाजूची माणसे हलतात आणि डोळ्यांवरच विसंबलेल्या मेंदूला आपणच हललो असे वाटते.

डोळ्यांची ही भुरळ निरोगी माणसालाही पडते. विटकिन आणि ॲश यांनी १९४८ मध्ये अंधाऱ्या खोलीत कललेल्या चौकटीत ठेवलेली काठी लोकांना सरळ करायला लावली, तेव्हा कित्येकांनी ती चौकटीच्या कलाकडे झुकती ठेवली. त्याही आधी, १८६१ मध्ये, हेर्मान ऑबर्ट यांनी नोंदवले होते की अंधारात डोके एका खांद्याकडे पुरते कलवले की खरोखर उभी असलेली प्रकाशरेषा तिरपी दिसू लागते. निरोगी माणसाचा ओळंबा इतक्यावर डळमळतो. पक्षाघातानंतर डोळ्यांवरचे हे अवलंबन पुष्कळ वाढते, एवढाच फरक.

याला आणखी एक कारण जोडलेले असते. झटक्यानंतर चांगल्या पायावर जास्त भार टाकायची सवय लागते आणि बळ आल्यावरही ती सुटत नाही. शिवाय हात उचलण्याच्या किंचित आधी धडाचे व पायांचे स्नायू आपोआप सावध होतात, ती वेळ चुकते; मग कपाटातून वस्तू काढण्यासारख्या साध्या कामात तोल जातो.

आपल्याला केवळ ताकदीचे व्यायाम पुरणार नाहीत. तोलाचे व्यायाम डोळ्यांचा आधार हळूहळू कमी करत करायचे असतात : आधी कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंती आणि पुढे खुर्ची ठेवून, डोळे उघडे, मग काही क्षण मिटून, मग पावले जवळ घेऊन, मग मऊ गादीच्या तुकड्यावर, मग चालता चालता मान वळवून. जवळ दुसरे माणूस असल्याशिवाय यातले काहीही करू नये. बर्ग यांच्या तोलमापन चाचणीसारखी १४ कृतींची, ५६ गुणांची चाचणी फिजिओथेरपिस्टकडून करून घेतली तर आपण नेमके कुठे आहोत ते समजते आणि दोन महिन्यांनी तुलना करता येते. तोवर रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा राहू द्यावा. त्यात कमीपणा मानू नये. पक्षाघातानंतर दुबळ्या बाजूची हाडे विरळ होतात आणि पडल्यावर खुब्याचे हाड बहुधा त्याच बाजूचे मोडते.

प्रश्न : आईला आधारासाठी काठी दिली, पण काठी हातात आल्यापासून ती दुबळ्या बाजूला जास्तच कलते. काठी लहान पडते आहे का?

उत्तर : उंची आधी तपासा. सरळ उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी काठीची मूठ यावी, आणि काठी चांगल्या हातात असावी. उंची बरोबर असूनही कलणे वाढत असेल, तर आई काठी टेकायला न वापरता स्वतःला पलीकडे ढकलायला वापरत आहे, अशी शंका घ्यावी लागेल; पहिल्या पत्रातील वडील गादीला रेटा देतात तसेच. अशा रुग्णाच्या हातात लवकर काठी देणे म्हणजे ढकलायला साधन देणे होय. सध्या ती काढून ठेवावी, चांगल्या बाजूला भिंत किंवा उंच टेबल येईल अशा जागी उभे राहण्याचा सराव करावा आणि काठी पुन्हा कधी द्यायची ते फिजिओथेरपिस्टला ठरवू द्यावे.

प्रश्न : माझ्या ५२ वर्षांच्या बहिणीला अचानक गरगरू लागले, उलट्या झाल्या आणि बसवले तरी ती उजवीकडे लोळू लागली. हातपाय व्यवस्थित हलत होते, तोंड वाकडे झाले नव्हते. जवळच्या दवाखान्यात कानाचा दोष सांगून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या मागच्या भागात पक्षाघात असल्याचे निष्पन्न झाले. हातपाय चालत असताना पक्षाघात कसा? आम्ही ओळखायला चुकलो का?

उत्तर : आपण चुकलात असे मी म्हणणार नाही, कारण हा प्रकार प्रशिक्षित डोळ्यांनाही चकवतो. पक्षाघात म्हणजे हातपाय लुळे, ही आपली सर्वांची समजूत मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांपुरती खरी आहे. मागच्या वाहिन्या लहान मेंदूला आणि मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू जोडणाऱ्या देठासारख्या भागाला, रक्त पुरवतात. तिथे इजा झाली तर बळ शाबूत राहून तोल, नजर, गिळणे आणि आवाज यांवर परिणाम होऊ शकतो. मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी बाजूला होणाऱ्या अशा एका पक्षाघाताचे सविस्तर वर्णन ॲडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये केले. त्यात रुग्णाला जणू कोणी दोरीने ओढावे तसा एका बाजूला झोक जातो, आणि ती बाजू इजा झालेलीच असते. पहिल्या पत्रातील वडील इजेच्या विरुद्ध बाजूला जातात आणि वॉलेनबर्गचे रुग्ण इजेच्या बाजूला, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. अंतर्कर्णाकडून आलेले तंतू मस्तिष्कस्तंभातून वर चढताना बाजू बदलतात, त्यामुळे इजा त्या ओलांडणीच्या खाली आहे की वर, यावर कलाची दिशा ठरते. काहींना तर समोरची खोलीच तिरपी झालेली, क्वचित पूर्ण उलटी दिसते, आणि काही वेळाने ती पुन्हा जागेवर येते.

यातून इतरांसाठी एक खूण सांगतो. कानाच्या दोषाने गरगरणारा माणूस हैराण होतो, पण आधाराविना बसू शकतो, बहुधा उभाही राहू शकतो. अचानक गरगरू लागलेला माणूस आधार दिल्याशिवाय बसूच शकत नसेल, किंवा जोडीला दोन दोन प्रतिमा दिसणे, बोलणे अडखळणे, गिळायला त्रास होणे, चेहऱ्याचा वा अंगाचा एक भाग बधिर होणे यांपैकी काही असेल, तर मोठ्या रुग्णालयातच न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सुरुवातीचे सीटी स्कॅन मेंदूच्या मागच्या भागातील लहान इजा सहज हुकवते, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयही कधीकधी चुकते. म्हणून 'स्कॅन नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान न मानता नजर, चाल आणि बसण्याचा तोल तपासून घेण्याचा आग्रह धरावा. लहान मेंदूचा पक्षाघात मोठा असेल तर पहिल्या काही दिवसांत तिथे सूज येऊन झोपाळूपणा वाढतो. तसे दिसल्यास एक तासही थांबू नये.

आपल्या बहिणीचा झोक बहुधा काही आठवड्यांत कमी होईल. मस्तिष्कस्तंभातील इजेने ढळलेला ओळंबा मेंदू बऱ्याच अंशी स्वतः सावरून घेतो, फक्त त्यासाठी त्याला उठण्याबसण्याची संधी द्यावी लागते. गरगरण्याच्या भीतीने अंथरुणात पडून राहिल्यास ही सुधारणा लांबते. चक्कर दाबणाऱ्या गोळ्याही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपलीकडे घेत राहू नयेत, त्याचे कारणही हेच.

प्रश्न : रुग्णाचा ओळंबा किती ढळला आहे, हे महागड्या यंत्राशिवाय मोजता येते का?

उत्तर : येते, आणि साधन अगदी घरगुती आहे : एक बादली. ही पद्धत २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. बादलीच्या तळाला आतून एक सरळ रेघ काढतात आणि बाहेरून कोनमापक व ओळंबा लावतात. रुग्ण बादलीत तोंड घालून बसतो, म्हणजे खोलीतील कुठलीही उभी कड त्याला दिसत नाही. तपासणारा बादली तिरकी धरून हळूहळू फिरवतो आणि रेघ उभी वाटली की रुग्ण 'थांबा' म्हणतो. खऱ्या उभ्या रेषेपासून ती किती अंशांनी दूर आहे ते बाहेरच्या ओळंब्यावरून वाचतात. दोन्ही बाजूंनी अनेकदा मोजून सरासरी काढली की निरोगी माणसात ती साधारण अडीच अंशांच्या आत येते.

घरी कुतूहल म्हणून करून पाहायला हरकत नाही, निदान मात्र त्यावरून करू नये. बादली डोळ्यांचा ओळंबा मोजते, बैठकीचा नाही. रेघ अचूक लावणारा रुग्ण पुढच्याच क्षणी खुर्चीत डावीकडे लोळू शकतो. त्याच्यासाठी खुर्चीत बसवून, डोळे उघडे आणि मिटलेले अशा दोन्ही स्थितींत, तो स्वतःहून किती कलतो, हात व पाय पसरून रेटा देतो का आणि सरळ करताना विरोध करतो का, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि त्यांना कोणतेही यंत्र लागत नाही.